हवा गेली की ठोका जातो

या अंकातले सगळे प्रश्न एकाच यंत्राबद्दल आहेत. ते म्हणजे 15-16 किलो वजनाचा, 30 मिलिमीटर षटकोनी छिन्नी घेणारा, काँक्रीट फोडायचा इलेक्ट्रिक ब्रेकर. सोलापुरात हे मशीन एका मिस्त्रीकडून दुसऱ्याकडे, भाड्याच्या दुकानातून जुन्या बाजारात आणि तिथून परत साईटवर असं वर्षानुवर्षं फिरत असतं. माहितीपुस्तिका हरवलेली असते, मूळ पिन (प्लग) तुटून दुसरीच बसवलेली असते. तरीही असं मशीन बऱ्याचदा थोडक्या खर्चात उभं राहतं. फक्त बिघाड विजेचा आहे, हवेचा आहे की छिन्नीचा, हे आधी ओळखायला हवं.

प्रश्न : जुन्या लूमचे काँक्रीटचे पाये काढून नव्या मशीनसाठी शेड सपाट करायची आहे. त्यासाठी जुना ब्रेकर विकत घेतला. मोटर जोरात फिरते, आवाज येतो, पण छिन्नी ठोका देत नाही. कधी दोन-चार ठोके देते आणि थांबते. मोटर बदलावी का? (यंत्रमाग कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

मोटरला हात लावू नका. ती फिरते आहे, म्हणजे तिचं काम ती करते आहे. बिघाड पुढच्या भागात आहे.

या मशीनमध्ये मोटर छिन्नीला थेट ढकलत नाही. मोटर गिअरमधून क्रँक फिरवते, क्रँक पिस्टनला सिलिंडरमध्ये मागेपुढे नेतो. पिस्टनच्या पुढे त्याच सिलिंडरमध्ये स्ट्रायकर हा पोलादी ठोकळा मोकळा असतो. दोघांच्या मधली हवा दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी उसळून स्ट्रायकरला पुढे फेकते. स्ट्रायकर मधल्या बोल्टवर आदळतो आणि बोल्ट छिन्नीच्या बुडावर. म्हणजे ठोका हवेचा आहे. हवा कुठून निसटली की मोटर कितीही जोरात फिरली तरी छिन्नी गप्प बसते.

आता क्रमाने बघा. सुरुवातीला मशीन उभं धरून छिन्नी काँक्रीटवर टेकवा आणि मशीनचं वजन तिच्यावर येऊ द्या. उचलून धरलेला ब्रेकर ठोके देत नाही, कारण छिन्नी पुढे सरकली की स्ट्रायकरही पुढे जातो, सिलिंडरची भोकं उघडतात आणि हवा बाहेर पडते. ही रचना मुद्दाम केलेली असते. हातात उचलून चालवून पाहिलं आणि 'ठोका नाही' म्हणून मशीन परत केलं, असं जुन्या बाजारात सर्रास होतं.

टेकवूनही ठोका नसेल तर पिन सॉकेटमधून काढून छिन्नी बाहेर घ्या. तिच्या बुडाचं टोक ठोक्यांनी फुललं आहे का? दांडा घासून आखूड झाला आहे का? दांड्यावरची खाच मशीनच्या अडकवणीच्या जागी बरोबर येते का? बूड नीट मागे गेलं नाही तर मधला बोल्ट मागे सरकत नाही, भोकं उघडीच राहतात. पाया फोडणाऱ्यांकडे चार मशीनच्या छिन्न्या एकाच पोत्यात असतात, म्हणून हा घोळ नेहमीचा आहे. दुसरी, योग्य लांबीची छिन्नी लावून पाहिल्याशिवाय मशीन उघडू नका.

छिन्नी बरोबर असेल तर मग आवाज ऐका. नेहमीची घरघर असेल तर पिस्टन चालू आहे आणि हवा निसटते आहे. पण मोटर उंच स्वरात किंचाळल्यासारखी, अगदी हलकी फिरत असेल तर गिअरचे दात गेले असतील किंवा गिअरला दांड्यावर धरून ठेवणारी चावी तुटली असेल. पिन पुन्हा सॉकेटमधून काढा, मग गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढून मोटरचा पंखा हाताने फिरवा. पिस्टन हलला पाहिजे. हलला नाही तर काम गिअरचं आहे.

पिस्टन हलतो आणि तरी ठोका नाही, तेव्हा दहापैकी बहुतेक वेळा ओ-रिंग गेलेली असते. पिस्टनवर आणि स्ट्रायकरवर रबरी ओ-रिंगा असतात. उष्णतेने त्या कडक होतात, चपट्या होतात, चिरतात. 'दोन-चार ठोके देते आणि थांबते' हे तुमचं वर्णन त्यालाच जुळतं. पुढचं नळकांडं खोला, स्ट्रायकर बाहेर काढा, सगळं रॉकेलने धुवा आणि पूर्ण सुकू द्या. रॉकेलचा डबा आणि ओले बोळे कामाच्या जागेपासून लांब ठेवा. सिलिंडरच्या आतून बोट फिरवा. उभे ओरखडे नखाला लागत असतील तर नवी ओ-रिंग आठवडाभरही टिकणार नाही, सिलिंडरच बदलावा लागेल. गुळगुळीत असेल तर त्या मॉडेलच्याच ओ-रिंगा घाला. नळाच्या दुकानातली मापाला बसणारी रिंग घालू नका. ती पाण्यासाठी असते, इथली उष्णता तिला सोसत नाही. रिंग बोटाने ग्रीस लावून चढवा, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ओढू नका. स्ट्रायकर परत सिलिंडरमध्ये सरकवताना घट्ट, एकसारखी पकड जाणवली पाहिजे. तो आपल्या वजनाने सुळकन घसरला तर रिंग बसलेली नाही.

आणि ग्रीस. इथे उलटी चूक होते. 'जास्त ग्रीस, जास्त आयुष्य' म्हणून लोक डबाभर कोंबतात. जास्तीचं ग्रीस सिलिंडरच्या भोकांत शिरतं, हवेची ये-जा अडते आणि ठोका मंदावतो. या वर्गातल्या बऱ्याच मशीनना क्रँककेसमध्ये साधारण 30 ग्रॅम पुरतं. किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून घ्या. जुनं ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय नवं घालू नका, दोन जातींचं ग्रीस एकत्र आलं तर पातळ होऊन गळू शकतं. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, ब्रेकर-हॅमरसाठीचं वेगळं मिळतं. काही मशीनमध्ये ग्रीसऐवजी तेल असतं आणि बाजूला काचेची खिडकी असते. तिथे ग्रीस अजिबात घालायचं नाही, खिडकीतल्या खुणेपर्यंत तेल ठेवायचं.

जोडून झाल्यावर दोन मिनिटं न टेकवता चालवा म्हणजे ग्रीस पसरेल, मग काँक्रीटच्या तुकड्यावर ठोका पाहा. लोखंडी पाटावर पाहू नका, मधला बोल्ट दुखावतो.

लूमचा पाया मध्यातून फोडायला घेऊ नका. कडेपासून 75 ते 100 मिलिमीटर आत छिन्नी लावा, कपचा मोकळ्या बाजूला पडू द्या आणि तसंच आत सरकत जा. फाउंडेशन बोल्टभोवती घट्ट काँक्रीट असतं, तिथे छिन्नी अडकते. बोल्ट आधी ग्राइंडरने कापा.

प्रश्न : आमच्या बंगल्यात बाथरूमचा कोबा फोडताना कामगाराच्या हाताला मुंग्या आल्यासारखा करंट लागतो. मिस्त्री म्हणतात, चप्पल घालून धरलं की काही होत नाही. खरं आहे का? (गृहिणी, जुळे सोलापूर)

नाही. काम आजच थांबवा आणि मशीन सॉकेटमधून काढा. आज मुंग्या येतात, उद्या जमीन ओली असेल, घामाने हात भिजलेले असतील, तेव्हा तोच करंट माणूस मारू शकतो. चप्पल हा उपाय नाही. बाथरूममध्ये तर नाहीच.

जुन्या धातूच्या अंगाच्या ब्रेकरला तीन तारा असतात आणि तिसरी, हिरवी-पिवळी, अर्थिंगची असते. मोटरमधून गळती झाली तर तिने ती जमिनीत न्यायची असते. तुमच्याकडे मुंग्या येतात याचा अर्थ दोन गोष्टी एकाच वेळी बिघडल्या आहेत. आत गळती आहे आणि अर्थ तुटलेली आहे. मशीनची पिन दोन पिनांची आहे का पाहा. तीन पिनांची असेल तर ती उघडून हिरवी तार खरंच जोडलेली आहे का बघा. पिन जळाल्यावर घाईत दुसरी बसवताना ती तार कापून टाकण्याची सवय साईटवर फार आहे.

वायरमनकडून तीन तपासण्या करून घ्या. पिनचा अर्थचा दांडा आणि मशीनचं उघडं धातूचं अंग यांच्यात मल्टिमीटरने 1 ओहमपेक्षा बरंच कमी दिसलं पाहिजे. मग 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर. फेज आणि न्यूट्रलचे दांडे एकत्र जोडायचे, मशीनचं बटण दाबून धरायचं आणि ते दांडे व धातूचं अंग यांच्यात मोजायचं. अर्थवाल्या मशीनला किमान 2 मेगाओहम हवा. अंगावर एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतील तर ते दुहेरी इन्सुलेशनचं, दोन तारांचं मशीन आहे. त्याला किमान 7 मेगाओहम हवा आणि त्याला अर्थची तार नसणं हा दोष नाही. त्याहून कमी आकडा आला तर मशीन वापरायचं नाही. तिसरी तपासणी घराच्या अर्थिंगची. सॉकेटवर मल्टिमीटरने फेज-अर्थमध्ये 230 व्होल्ट दिसले म्हणजे अर्थ चांगली, असं नसतं. कमकुवत अर्थसुद्धा तो आकडा दाखवते. अर्थ टेस्टरनेच मोजायला सांगा. सोलापूरच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, माती अर्थच्या नळीपासून सुटते, आणि मार्च ते जूनमध्ये पाणी न घातलेली अर्थ नावापुरती उरते.

गळती बहुधा दोन ठिकाणी सापडते. एक, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) बसतात त्या होल्डरभोवती साचलेली कार्बनची आणि सिमेंटची भुकटी. ती हवेने उडवून, ब्रशने पुसून, मशीन उन्हात सुकवल्यावर मेगरचा आकडा बऱ्याचदा वर येतो. दुसरी जागा म्हणजे केबल मुठीत शिरते ती. तिथे हादऱ्याने आतून इन्सुलेशन तुटतं आणि बाहेरून दिसत नाही. तिथली 15 सेंटिमीटर केबल कापून नव्याने जोडा. जोडताना हिरवी-पिवळी तार बाकीच्या दोनपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटेल.

यापुढे ब्रेकर 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावू देऊ नका. मेन बोर्डात नसेल तर सॉकेटवर लावायचा हलवता येणारा मिळतो. एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) वायर जळू नये म्हणून असतो, माणसाला वाचवत नाही. आरसीसीबीचं चाचणीचं बटण रोज काम सुरू करण्याआधी दाबून पाहा. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो पडतो कारण गळती आहे.

प्रश्न : कार्बनजवळ मोठ्या ठिणग्या पडतात आणि जळका वास येतो. कार्बन बदलले तरी चार दिवसांत तेच. (बांधकाम ठेकेदार, बार्शी)

कार्बनच्या टोकाला बारीक निळसर ठिणग्या सगळ्या मशीनमध्ये असतात. कम्युटेटरच्या, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाच्या भोवती आगीचं कडं फिरताना दिसलं तर मात्र ताबडतोब बंद करा.

दोन्ही कार्बन एकाच वेळी आणि एकाच जातीचे बदलले होते का? दुसऱ्या मशीनचा कार्बन कानशीने घासून बसवला तर तो होल्डरमध्ये वाकडा बसतो, एका कोपऱ्यावर टेकतो आणि चार दिवसांत संपतो. कार्बन होल्डरमध्ये बोटाने सहज सरकला पाहिजे, स्प्रिंगने परत उसळला पाहिजे. 6 मिलिमीटरच्या आसपास उरला की बदलायची वेळ झाली, पूर्ण संपेपर्यंत थांबलात तर स्प्रिंग कम्युटेटरवर घासते. नवे बसवल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं भार न देता चालवा, म्हणजे टोकाला कम्युटेटरची गोलाई येईल.

हे सगळं बरोबर असूनही ठिणग्या पडत असतील तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बाहेर काढा. कम्युटेटर काळा पडला असेल तर तो बारीक काचपेपरने साफ करा. एमरी पेपर वापरू नका, त्याची कणी वीज वाहते आणि पट्ट्यांच्या मधे अडकून शॉर्ट करते. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्टीच्या वर आला असेल तर कार्बन त्याच्यावर उड्या मारतो. तो सुमारे अर्धा मिलिमीटर खाली खरवडून घ्यावा लागतो. मग मल्टिमीटर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर ठेवून सगळा गोल मोजा. सगळीकडे जवळपास सारखा आकडा हवा. एका जागी एकदम वेगळा आला, किंवा एखादी पट्टी जळून खड्डा पडला असेल, तर आर्मेचर रिवाइंडिंगला गेलं. बेअरिंग ढिलं असलं तरी आर्मेचर हलतं आणि ठिणग्या पडतात, म्हणून रिवाइंड करून घेताना दोन्ही बेअरिंग नवी घाला. जुनं बेअरिंग ठेवून वाचवलेले पैसे नव्या वाइंडिंगसोबत जळतात.

जळक्या वासाचं आणखी एक कारण सवयीत आहे. कामगार पोटाने मशीनवर रेलतो. मशीनचं स्वतःचं वजन पुरेसं असतं. वरून दाब दिला की ठोके घटतात आणि मोटर तापते. हवेच्या जाळीत सिमेंट बसलं असेल तर आणखी लवकर. दिवस संपताना मिनिटभर न टेकवता चालवा, आत अडकलेली उष्णता बाहेर पडेल.

प्रश्न : शेतातल्या विहिरीजवळ काम आहे. घरापासून 50 मीटर वायर ओढली तर ब्रेकर मेलेला चालतो. मोटरच्या स्टार्टर पेटीतून लाइन घेऊ का? (शेतकरी, मोहोळ तालुका)

स्टार्टर पेटीतून घेऊ नका. तिथे तीन फेज असतात, न्यूट्रल बहुतेक वेळा नसतो. दोन फेजमध्ये ब्रेकर जोडला तर त्याला 230 ऐवजी 415 व्होल्ट मिळतील आणि क्षणात वाइंडिंग जळेल.

तुमचा दोष वायरीचा आहे. हा ब्रेकर चालताना साधारण 7-8 अँपिअर घेतो. 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर 50 मीटर नेली तर जाऊन-येऊन तारेतच सुमारे 14 व्होल्ट पडतात. 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत साडेपाच-सहा. गावाकडे ऐन दुपारी घरातच 200 व्होल्ट असतात, त्यातून 14 गेले की ठोक्यात जीव राहत नाही. 2.5 चौरस मिलिमीटर, तीन तारांची, रबरी आवरणाची केबल घ्या. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण सोडा, गुंडाळी तापून आवरण वितळतं. पिन 16 अँपिअरची लावा. उघड्या तारा सॉकेटमध्ये काड्यांनी ठोकून बसवणं तर कधीच नको. घरी विजेचा दाब 190 व्होल्टच्याही खाली जात असेल तर 3 केव्हीएचा जनरेटर लावा.

प्रश्न : पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून घरात जमिनीखाली टाकी करतो आहे. कोबा, मुरूम झाला, आता खाली काळा दगड लागला. ब्रेकर नुसता नाचतो. (वाचक, शेळगी)

नाचणारच. घराच्या काँक्रीटची ताकद साधारण 20 मेगापास्कल असते, आपल्याकडच्या घट्ट काळ्या पाषाणाची 100 च्या वर जाते. दगडात नैसर्गिक भेगा असतील तर त्या शोधून तिथेच टोकदार छिन्नी लावा. अखंड दगड असेल तर ब्रेकर बाजूला ठेवा. ड्रिलने ओळीत भोकं पाडून पाचरी ठोकून दगड फोडतात, ते करणारे पाथरवट सोलापुरात आहेत. काँप्रेसरवरचा हवेचा ब्रेकर हाही एक मार्ग. घराच्या भिंतीलगत खोल जायचं असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, पायाची माती मोकळी होते. खड्ड्यात पाणी साचलं असेल तेव्हा विजेचं मशीन आत उतरवायचं नाही.

प्रश्न : छिन्नी लोहाराकडून शेवटून, म्हणजे टोक पुन्हा घडवून आणली की लगेच बोथट होते किंवा टोक तुटतं. (गवंडी, भवानी पेठ)

बोथट होते तेव्हा टोक मऊ राहिलेलं असतं, तुटतं तेव्हा जास्त कडक झालेलं असतं. लोहाराला सांगा, लाल करून घडवल्यावर फक्त शेवटचे 25 मिलिमीटर पाण्यात बुडवायचे, सगळी छिन्नी नाही. मग ते टोक घासून चकचकीत करायचं. मागची उष्णता पुढे येते आणि टोकावर रंग चढतात, आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, निळा. तांबूस-जांभळ्याला पुन्हा बुडवायचं. टोकाचा कोन 60 अंशांच्या आसपास ठेवा. ग्राइंडरवर धार करत असाल तर सारखी पाण्यात बुडवत राहा, निळी पडली की तेवढा भाग मऊ झाला. छिन्नी काँक्रीटमध्ये अडकली तर मशीन वाकडं करून पिळू नका, दांडा तुटतो. शेजारी दुसरी छिन्नी घणाने ठोकून मोकळी करा. म्हणून साईटवर कमीत कमी दोन छिन्न्या ठेवायच्या.

प्रश्न : एका माणसाने दिवसभरात किती वेळ ब्रेकर चालवावा? संध्याकाळी बोटं बधिर होतात. (बिगारी कामगार, विडी घरकुल)

बोटं बधिर होणं हा थकवा नाही, हादऱ्याने नसा आणि रक्तवाहिन्या दुखावल्याची खूण आहे. रात्री झोपून बरं वाटतं म्हणून पुढे ढकलू नका. हे दुखणं पुढे गेलं की मागे येत नाही, आणि मग सदऱ्याची गुंडीही लावता येत नाही.

युरोपात आठ तासांच्या दिवसासाठी हादऱ्याची मर्यादा 5 मीटर प्रति सेकंद वर्ग ठरवलेली आहे. जुन्या ब्रेकरच्या मुठीवर 15 चा हादरा सहज येतो. त्या हिशेबाने एका माणसाला दिवसभरात बटण दाबलेला वेळ साधारण 53 मिनिटं मिळतो. 20 चा हादरा असेल तर 30 मिनिटं. मधली विश्रांती यात धरायची नाही. म्हणून एका ब्रेकरवर दोन-तीन माणसं पाळीने ठेवा. दहा मिनिटं एकाने फोडायचं, तोवर दुसऱ्याने घमेली भरायची. मुठीचं रबर गेलं असेल तर नवं घाला, बोथट छिन्नी बदला, मूठ गच्च आवळू नका. हे ठेकेदाराला दाखवा, त्यालाही हा हिशेब ठाऊक असायला हवा.

काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. एन-95 मास्क नाकावर घट्ट बसवा, दाढी असेल तर कडेने धूळ शिरते हे लक्षात ठेवा. धूळ दाबायला फवारणीच्या पंपाने फोडायच्या जागेवर आधी हलकं पाणी मारा आणि मुरू द्या. चालू मशीनवर किंवा केबलच्या जोडावर पाणी उडवायचं नाही. कानाला मफ, डोळ्याला बंद चष्मा, पायात पोलादी टोपीचे बूट. मे महिन्यात 42-43 अंशांत हे सगळं घालून दुपारी काम होत नाही, म्हणून फोडायचं काम सकाळी सहा ते दहामध्ये उरका आणि दुपारी राडारोडा उचला.